विश्लेषण : कर बुडबुड्यांवर, साखरेवर नाही! गोड पेयांमुळे दातांचे नेमके काय होते?

मावळ तालुक्यातले आंबी हे तळेगाव दाभाडेजवळचे, इंद्रायणीकाठचे गाव. एका बाजूला डी. वाय. पाटील शैक्षणिक संकुल, दुसऱ्या बाजूला तळेगाव एमआयडीसी. त्यामुळे गावात शेतकरी कुटुंबांबरोबर वसतिगृहातली मुले आणि शिफ्टमध्ये काम करणारे कामगारही राहतात. अशा गावात किराणा दुकान असो, चहाची टपरी असो की कॉलेजजवळचे स्नॅक्स सेंटर, दारात एक काचेचा फ्रिज असतोच. त्यात कोला, आंब्याचे पेय, एनर्जी ड्रिंक, फ्लेवर्ड दूध सगळे शेजारीशेजारी मांडलेले असते. दहा आणि वीस रुपयांत बाटली मिळते.

या फ्रिजमधल्या बाटल्यांवर सरकार वेगवेगळा कर लावते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नव्या दरांनुसार कोलावर ४० टक्के कर आहे. त्याच्या शेजारी ठेवलेल्या, गॅस नसलेल्या आंब्याच्या पेयावर मात्र फक्त ५ टक्के. साखर दोन्हीत आहे, आणि बऱ्याचदा आंब्याच्या पेयात ती जास्त असते. मग हा कर नेमका कशावर आहे? आणि दातांच्या दृष्टीने या बाटल्यांमध्ये काही फरक आहे का?

गोड पेयाने दात किडतो, म्हणजे नेमके काय होते?

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तो कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या स्फटिकांचा बनलेला असतो. पण आम्लात हे स्फटिक विरघळतात. पदार्थ किती आम्लधर्मी आहे हे ‘पीएच’ या एककाने मोजतात. शुद्ध पाण्याचा पीएच ७. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिजे बाहेर पडू लागतात.

गोड पेय हा पीएच दोन वाटांनी खाली आणते. पहिली वाट साखरेची. दातांवरच्या चिकट थरात, म्हणजे प्लाकमध्ये, ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’सारखे जिवाणू असतात. साखर हे त्यांचे खाद्य. साखर मिळाल्यावर ते काही मिनिटांतच आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताला चिकटूनच तयार होते, त्यामुळे त्याच जागी खड्डा पडायला सुरुवात होते. यालाच आपण कीड लागणे म्हणतो. दाताला ‘किडा’ लागतो ही समजूत आजही ऐकू येते. प्रत्यक्षात तिथे किडा नसतो, असतात ते जिवाणू आणि त्यांचे आम्ल.

दुसरी वाट पेयातल्याच आम्लाची. कोलात फॉस्फरिक आम्ल असते, लिंबू-संत्र्याच्या चवीच्या पेयांत सायट्रिक आम्ल. कोलाचा पीएच साधारण २.५ असतो. पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक खाली जाणे म्हणजे आम्लता दहापट वाढणे. त्यामुळे २.५ आणि ५.५ यांतला फरक हजारपटीचा आहे. हे आम्ल जिवाणूंची वाट न बघता थेट इनॅमलवर काम करते. याला दातांची झीज म्हणतात. यात दात पातळ होतात, पिवळसर दिसू लागतात, कडा पारदर्शक होतात आणि गार-गरम लागले की सळक येते.

म्हणूनच ‘डाएट’ किंवा ‘झिरो’ पेयाने कीड लागण्याचा धोका कमी होत असला तरी झिजेचा धोका राहतोच. साखर काढली, आम्ल तसेच राहिले.

किती प्यायलो हे महत्त्वाचे की किती वेळा?

दोन्ही महत्त्वाचे. पण दातांच्या बाबतीत ‘किती वेळा’ हा प्रश्न लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

गोड घोट घेतल्यावर तोंडातला पीएच काही मिनिटांत घसरतो. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल धुऊन काढते, त्याची तीव्रता कमी करते आणि बाहेर पडलेली खनिजे पुन्हा दातात बसवायला मदत करते. या सगळ्याला साधारण २० मिनिटे ते तासभर लागतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात हा चढउतार मोजून दाखवला. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो आजही ‘स्टीफन कर्व्ह’ या नावाने शिकवला जातो.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. एखाद्याने जेवताना दहा मिनिटांत बाटली संपवली, तर दातांना आम्लाचा एक झटका बसतो आणि नंतर लाळेला सावरायला वेळ मिळतो. तीच बाटली कुणी अभ्यास करताना, गेम खेळताना किंवा मशीनवर काम करताना दोन तास घोटघोट पीत राहिला, तर पीएच वर यायच्या आतच पुढचा घोट येतो. साखर तेवढीच, पण दात जवळपास पूर्ण वेळ आम्लात.

चिकटपणाचाही हिशेब आहे. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथे १९४५ नंतरच्या दशकात झालेल्या प्रयोगात दिसले, की जेवणांच्या अधेमधे खाल्लेली, दाताला चिकटून राहणारी गोड वस्तू सर्वाधिक कीड निर्माण करते. हा प्रयोग एका मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर, त्यांची संमती न घेता झाला होता आणि आज तो वैद्यकीय नीतिमत्तेच्या दृष्टीने चुकीचा मानला जातो. लोणावळ्याची चिक्की खाऊन वर कोल्ड्रिंक पिणाऱ्या पर्यटकाच्या दातांना या हिशेबात दोन्हीकडून मार बसतो.

एका बाटलीत साखर असते तरी किती?

नेहमीच्या कोलात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर, घरातल्या चमच्याने सहा ते सात चमचे. बाजारातल्या अनेक आंब्याच्या पेयांत हेच प्रमाण १०० मिलिमागे १२ ते १५ ग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे तेवढ्याच बाटलीत आठ-नऊ चमचे. नेमका आकडा बाटलीच्या मागे, बारीक अक्षरांत ‘टोटल शुगर’ आणि ‘अॅडेड शुगर’ या ओळींत छापलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभरातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा ‘मुक्त साखरे’तून यावी, ५ टक्क्यांखाली ठेवली तर आणखी चांगले. मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, तसेच मध आणि फळांच्या रसातली साखर. प्रौढ माणसासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. लहान मुलासाठी त्याहून कमी. थोडक्यात, कोलाची एक छोटी बाटली दिवसाचा हा कोटा संपवते.

मग चहा, उसाचा रस, कोकम सरबत यांचे काय?

दोष फक्त बाटलीतल्या पेयांना देणे सोपे आहे, पण जिवाणूंना ब्रँड कळत नाही. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा घेणाऱ्याच्या पोटात ४० ग्रॅम साखर जाते आणि दातांवर पाच वेळा आम्लाची फेरी होते. उसाच्या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. कोकम आणि लिंबू सरबतात साखरही असते आणि आम्लही.

तरीही एक फरक आहे. रसवंतीतला ग्लास उभ्या उभ्या पिऊन संपतो. झाकणाची बाटली दप्तरात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवून दिवसभर पुरवता येते. चहात साखर किती घालायची हे घरी ठरवता येते; बाटलीत ती कारखान्यात ठरते. शिवाय चहा फारसा आम्लधर्मी नसतो, त्यामुळे बिनसाखरेच्या चहाने दातांची कीड वाढत नाही. दुधाचेही तसेच आहे. साध्या दुधातली साखर दातांना तुलनेने कमी त्रास देते आणि त्यातले कॅल्शियम उपयोगी पडते. पण त्यात साखर आणि फ्लेवर घातले की ते गोड पेयच झाले.

करात साखर कुठे आहे?

इथेच धोरणातली गडबड दिसते. सप्टेंबर २०२५ पूर्वी गॅसवाल्या गोड पेयांवर २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के भरपाई उपकर होता, म्हणजे एकूण ४० टक्के. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने उपकर काढला आणि ४० टक्क्यांचा वेगळा टप्पा केला. कोला पिणाऱ्याच्या दृष्टीने एकूण भार होता तेवढाच राहिला. कॅफीनयुक्त पेयेही याच ४० टक्क्यांत आहेत.

गॅस नसलेली, फळांचा गर किंवा रस असलेली पेये मात्र १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. दूध असलेली पेयेही १२ वरून ५ वर आली. म्हणजे कोला आणि आंब्याचे पेय यांच्या करातली तफावत आधी २८ टक्के होती, ती आता ३५ टक्के झाली. फळाच्या त्याच पेयात गॅस भरला की कर ५ वरून थेट ४० टक्के होतो. दुसरीकडे, साखर नसलेल्या ‘झिरो’ कोलावरही ४० टक्केच कर लागतो.

यावर सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद आहे. फळप्रक्रिया उद्योगाला चालना मिळाली तर शेतकऱ्याच्या मालाला उठाव मिळतो. तो अगदीच चुकीचा नाही. पण अन्न सुरक्षा नियमांनुसार ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवण्यासाठी बाटलीत साधारण १० टक्के फळांचा रस असला तरी पुरतो. लिंबाच्या बाबतीत तर ५ टक्के. उरलेल्या भागात मुख्यतः पाणी आणि साखर असते. त्या साखरेला करसवलत मिळते ती फळाच्या नावाने.

परिणाम असा, की या करात कंपनीला साखर कमी करण्याचे काहीच कारण मिळत नाही. साखर निम्मी केली तरी कर तोच, दुप्पट केली तरी तोच.

इतर देशांनी वेगळे काय केले?

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून पेयांमधल्या साखरेच्या प्रमाणानुसार आकारणी सुरू केली. १०० मिलिमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही. ५ ते ८ ग्रॅम असेल तर लिटरमागे १८ पेन्स. ८ ग्रॅम किंवा जास्त असेल तर २४ पेन्स, असे सुरुवातीचे दर होते. २०१६ मध्ये घोषणा आणि २०१८ मध्ये अंमलबजावणी, या मधल्या दोन वर्षांत अनेक कंपन्यांनी साखर ५ ग्रॅमच्या खाली आणली. कर भरण्यापेक्षा पाककृती बदलणे त्यांना परवडले.

दातांचे काय झाले? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या गेल्या. किडलेले दात काढण्यासाठी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना दाखल करण्याचे प्रमाण, कर नसता तर जेवढे अपेक्षित होते त्यापेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. चार वर्षांपर्यंतच्या मुलांत ही घट सुमारे २८ टक्के होती. अशा अभ्यासातून सगळे श्रेय फक्त कराला देता येत नाही. त्या काळात लोकांच्या सवयी आणि जागरूकताही बदलत होती. पण दिशा स्पष्ट आहे. मेक्सिकोनेही २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला होता.

महाराष्ट्रात शाळांसाठी काय नियम आहेत?

कागदावर बरेच आहेत. मे २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली. त्यात कोल्ड्रिंकही येतात. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘एफएसएसएआय’च्या २०२० च्या नियमांनी हीच मनाई शाळेच्या आवाराभोवती ५० मीटरपर्यंत वाढवली. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितले, की शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात जास्त कॅफीनच्या एनर्जी ड्रिंकच्या विक्रीवर बंदी आणली जाईल. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर आहे ते मुलांना दिसेल असा फलक.

अडचण गावाच्या रचनेत आहे. शहरात शाळेभोवती ५० मीटरची रेषा आखता येते. मावळातल्या बऱ्याच गावांत शाळा, मंदिर, एसटी थांबा आणि दोन-तीन दुकाने एकाच चौकात असतात. तिथे हा नियम काटेकोर पाळायचा तर गावातले एकमेव दुकानच नियमात सापडते. दुकानदाराच्या दृष्टीने उन्हाळ्यातली कमाई याच फ्रिजवर असते. आणि नियम तपासायला येणारा अन्न निरीक्षक गावात क्वचितच फिरकतो. कॉलेजच्या मुलांना तर यातला कोणताच नियम लागू होत नाही. कॅफीनयुक्त पेयाच्या बाटलीवर ‘लहान मुले, गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी योग्य नाही’ अशी सूचना असते, पण ती बारीक आणि बहुतेक वेळा इंग्रजीत.

आणखी एक गोंधळ आजारपणातला आहे. जुलाब झाले की ‘ओआरएस’ म्हणून पॅकबंद गोड पेय मुलांना दिले जायचे. खऱ्या ओआरएसमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. नावात ‘ओआरएस’ लावून विकल्या जाणाऱ्या पेयांत साखर याच्या कित्येक पट असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एफएसएसएआय’ने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली.

दात किडल्यावर गावात उपचार मिळतात का?

इथे खरा भुर्दंड कळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य सहसा नसतो. मावळातल्या माणसाला दातासाठी तळेगाव, पिंपरी-चिंचवड किंवा पुणे गाठावे लागते. वीस रुपयांच्या बाटल्यांनी किडवलेल्या दाताच्या रूट कॅनॉलला खासगी दवाखान्यात काही हजार रुपये लागतात, आणि आरोग्य विम्यात असे नेहमीचे दंतोपचार बहुधा येत नाहीत. एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून अनेक जण दुखणे असह्य होईपर्यंत थांबतात, आणि तेव्हा दात काढणे एवढाच पर्याय उरतो.

लहान मुलांच्या बाबतीत ‘दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत’ असे म्हटले जाते. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायच्या असतात. त्या आधीच गेल्या तर मुलाला चावता येत नाही, झोप मोडते, शाळा बुडते आणि मागून येणारे दात वाकडे येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

एक सोय मात्र आहे, जिचा उपयोग कमी होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते. त्या तपासणीत दातांचाही समावेश असतो. तेव्हा मिळालेली चिठ्ठी घेऊन पुढच्या रुग्णालयात जाणे पालकांच्या हातात असते.

घरच्या घरी काय करता येईल?

गोड पेय प्यायचेच असेल तर जेवणाबरोबर, एका बैठकीत संपवावे; घोटघोट पुरवू नये. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. आंबट पेयानंतर लगेच ब्रश करू नये, कारण तेव्हा इनॅमल मऊ झालेले असते. किमान अर्धा तास थांबावे. बाळाला गोड दुधाची किंवा रसाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. झोपेत लाळ कमी सुटते आणि साखर रात्रभर दातांवर राहते.

दिवसातून दोनदा, त्यात एकदा रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासावेत. पेस्ट तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत, जिथे काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे दंतवैद्याला विचारून पेस्ट निवडावी. हिरडीजवळ दातावर खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात असते. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो आणि दात अजून सावरू शकतो.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

दोन गोष्टींकडे. पहिली म्हणजे पाकिटाच्या दर्शनी भागावरचा इशारा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लेबलांबाबतच्या शिफारशी वेळेत द्या, असे सांगितले. ‘एफएसएसएआय’ने २०२२ मध्ये सुचवलेला मसुदा ताऱ्यांचा होता, म्हणजे चांगल्या पदार्थाला जास्त तारे. आरोग्य क्षेत्रातल्या अनेकांचे म्हणणे आहे, की ‘साखर जास्त’ असा थेट इशारा हवा. ताऱ्यांमध्ये गोड पेयालाही एखाद-दुसरा तारा मिळतो आणि ग्राहक तो शाबासकी म्हणून वाचतो.

दुसरी म्हणजे कर. साखरेच्या ग्रॅमवर कर लावला, तर आंब्याचे पेय आणि कोला एकाच मापाने मोजले जातील आणि साखर कमी करणाऱ्या कंपनीला फायदा दिसेल. तसे होईपर्यंत आंबीतल्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये सर्वांत कमी कर असलेली बाटली ही अनेकदा सर्वांत जास्त साखरेची बाटली असेल, आणि तिच्यावर फळाचे चित्र असेल.